ज्याची कंपनी वाईट, त्याचा डोसा फुकट

माझ्या कपाटात व्हिजिटिंग कार्डांचे चार डबे आहेत. चार कंपन्यांचे. एकही डबा अर्धासुद्धा संपलेला नाही, कारण इन्शुरन्सच्या धंद्यात कार्डं छापून येईपर्यंत माणसाचं मन उडालेलं असतं. किश्श्यांचं मात्र उलट. ते कोणी छापून देत नाही, तरी प्रत्येक कंपनीतून सोबत येतात आणि घरभर होतात!

आम्ही तिघं. नीलेश, श्वेता आणि मी. अंधेरीच्या एका विमा कंपनीत एकाच दिवशी ट्रेनिंगला बसलो, पुढे तिघांच्या तीन दिशा झाल्या. पण शनिवारी संध्याकाळी घाटकोपरला एका उडप्याकडे भेटतो. नीलेश भांडुपहून येतो, श्वेता बोरिवलीहून, मी मुलुंडहून, मामाच्या घरून. विषय ठरलेला: कोणाची कंपनी जास्त वाईट? ज्याचा किस्सा सगळ्यात भयंकर, त्याने मसाला डोसा खायचा आणि बिल उरलेल्या दोघांनी भरायचं. श्वेता म्हणते, "यार, आमच्या अप्रेझलपेक्षा हे शंभर पट फेअर आहे!"

ही दोघं नोकरी हवी होती म्हणून इन्शुरन्समध्ये आली. मी मुद्दाम आले. माझी शाळा-कॉलेजं कॅनडात झाली, विनिपेगला. शाळेत असताना आमच्या शेजाऱ्यांचं घर जळालं. सकाळी विमा कंपनीची एक बाई बर्फातून गाडी चालवत आली. तिने आधी सगळ्यांना ब्लँकेटं दिली, मग थर्मासमधली कॉफी ओतली, आणि म्हणाली, "काळजी करायचं काम आता आमचं." मी खिडकीतून बघत होते. शंभर जणांनी थोडं थोडं बाजूला ठेवायचं आणि ज्याचं घर जळेल त्याला उभं करायचं! याहून सुंदर काम मला अजूनही माहीत नाही. ते मी माझ्या लोकांत जाऊन करणार, असं मी तेव्हाच ठरवलं.

बाबा म्हणाले, "तीन वर्षं देतो. जिची पॉलिसी शेजाऱ्याला मान वर करून विकता येईल अशी एक कंपनी शोधून दाखव. सापडली तर राहा. नाहीतर मुकाट्याने परत ये."

मी म्हटलं, "एक? दहा सापडतील!"

येत्या दिवाळीला तीन वर्षं होतात.

*

पहिली कंपनी अंधेरीची. पहिल्या दिवशी ट्रेनरने सगळ्यांना कोरे कागद वाटले. म्हणाले, "ओळखीच्या शंभर जणांची नावं लिहा. नातेवाईक, शेजारी, शाळेतले मित्र, दूधवाला, कोणीही. हे तुमचे पहिले कस्टमर!"

माझी पंचाईत. मुंबईत उतरून मला जेमतेम पंधरा दिवस झाले होते. मामा, मामी, मामाच्या बिल्डिंगचा वॉचमन आणि ज्यांनी माझी अक्कलदाढ काढली ते डॉक्टर. पुढे पेन चालेना.

ट्रेनर जवळ येऊन अगदी कळवळून म्हणाले, "मुक्ता, तुला जगात कोणीच नाही का गं?"

शेजारी नीलेशचं पेन मात्र धावत होतं. भांडुपच्या चाळीतला प्रत्येक मजला, प्रत्येक खोली, गावाकडचे चुलते, भजनी मंडळ, क्रिकेटची टीम. त्याने पुरवणी मागून घेतली! ट्रेनरने त्याला पुढे बोलावून सगळ्यांना टाळ्या वाजवायला लावल्या. "ही खरी श्रीमंती! माणसं!"

महिन्याभरात नीलेशने त्या श्रीमंतीचं एकेक दार वाजवलं. त्याची आई मालवणकडची. मी त्यांच्याकडे पहिल्यांदा जेवायला गेले तेव्हा माशाचं सार वाढता वाढता ती म्हणाली, "पयले लोक माका थांबवून इचारीत, झील खंय कामाक लागलो? आता झील जिन्यात दिसलो काय धडाधड दारां लागतत!"

तिचा झील, म्हणजे नीलेश, हसला. पण जेवण झाल्यावर मला सोडायला निघाला तो मागच्या जिन्याने. म्हणाला, "पुढून नको. तिकडे लोक बसलेले असतात."

*

नीलेशचे आजोबा गेले तेव्हाची गोष्ट. जन्मभर गिरणीत राबलेला माणूस. नीलेश त्यांच्याच अंथरुणाशेजारी झोपून मोठा झालेला.

आमच्याकडे सकाळी 'कमिटमेंट कॉल' असे. सगळ्यांनी फोनवर यायचं आणि आज किती धंदा आणणार ते छाती ठोकून सांगायचं. नीलेशचा नंबर आला. तो म्हणाला, "सर, आज नाही जमणार. आजोबा वारले."

आमच्या ब्रँच मॅनेजरना आम्ही बॉस म्हणायचो. त्यांनी असा काही मऊ आवाज काढला, की मलाच भरून आलं. "बेटा, तू घरच्यांना बघ. ऑफिस विसर. काहीही लागलं तर मी आहे."

"थँक यू, सर."

"आजोबांची पॉलिसी होती?"

"नाही, सर."

"बघ!" बॉसचा आवाज एकदम टवटवीत झाला. "अरे, हेच तर लोकांना समजावायचं असतं! तेराव्याला किती माणसं येतील?"

नीलेशला वाटलं, काय बोलावं ते न सुचून माणूस बोलला असेल. पण तेराव्याला बॉस खरंच आले. पांढरा शर्ट, हातात हार, काखेत टॅब. फोटोला हार घातला, डोळे टिपले, वडे आणि काळ्या वाटाण्याचं सांबारं दोनदा मागून घेतलं. मग फोटोशेजारीच खुर्ची ओढून बसले. जो नमस्कार करायला वाकेल, त्याला उठताना धरायचे आणि म्हणायचे, "गेला तो सुटला हो. मागे राहिलेल्यांचं काय?"

तीन पॉलिस्या निघाल्या!

दुसऱ्या दिवशी सगळ्यांसमोर नीलेशचं कौतुक. "घरात एवढं दुःख असताना टीमसाठी उभा राहिला. याला म्हणतात अ‍ॅटिट्यूड!"

त्या शनिवारी मी आणि श्वेताने स्पर्धाच केली नाही. नीलेशसमोर डोसा आला. त्याने त्याला हातही लावला नाही. थोड्या वेळाने म्हणाला, "मला काय वाटतं माहितीय? आजोबांना ओळखणारी एवढी माणसं एका खोलीत पुन्हा कधी येणार नाहीत. आणि त्यांना त्या दिवसातलं आठवेल ते काय, तर टॅब."

*

मी अंधेरी सोडली आणि माझ्या दुसऱ्या कंपनीत, गोरेगावला, इंटरव्ह्यूला गेले. समोर एचआरची मुलगी, माझ्याच वयाची, छान हसरी.

"आधीची कंपनी का सोडली?"

मामीने बजावून पाठवलं होतं, की सांग, 'ग्रोथ हवी आहे.' पण माझ्याच्याने राहवलं नाही. मी म्हटलं, "तिथे आम्हाला खोटं बोलायला लावायचे."

मुलीने पेन खाली ठेवलं. माझ्याकडे इतक्या आपुलकीने बघितलं, की वाटलं, सापडली! हीच ती कंपनी!

"आमच्याकडे तसं अजिबात नाही," ती म्हणाली. "इथे कोणी कोणाला लावत नाही. लोक स्वतःहून बोलतात."

*

श्वेता बँकेत लागली. बोरिवलीची शाखा, गार एसी, कोपऱ्यात मनी प्लांट. बँकासुद्धा विमा विकतात आणि तिला तेवढ्याच कामाला घेतलं होतं. पहिलं वर्षभर दर शनिवारी ती आम्हाला जळवत होती. "तुम्ही उन्हातान्हात दारं ठोठावा. माझ्याकडे गिऱ्हाईक स्वतः चालत येतं!"

मग एका शनिवारी ती आली ती पर्स टेबलावर आपटतच.

गेल्या वर्षी एक बाई लॉकर मागायला आल्या होत्या. नवरा गेलेला, मुलगा बंगलोरला, घरी एकट्या. शेजारच्या इमारतीत चोरी झाली म्हणून घाबरलेल्या. सासूचे गोठ, पाटल्या, तोडे, सगळं घरात. आता बँकेत लॉकर रिकामे होते. पण तिथला अलिखित रिवाज असा, की लॉकर हवा तर पॉलिसी घ्यायची. मॅनेजरने श्वेताला डोळ्यांनी खुणावलं. श्वेताने तोंडपाठ केलेलं वाक्य म्हटलं, "काकू, वेटिंग आहे. पण आमच्या पॉलिसीधारकांना प्रायॉरिटी मिळते."

काकू विचारात पडल्या. चार दिवसांनी प्रीमियम घेऊन आल्या. लॉकर मिळाला. त्यांच्या देखतच श्वेताला महिन्याची 'स्टार' म्हणून कॉफीचा मग मिळाला.

"आज काकू परत आल्या," श्वेता म्हणाली. "मला म्हणाल्या, 'मुली, लॉकर बंद करायचाय.' मी म्हटलं, 'का हो काकू? दागिने सुरक्षित राहतात ना?' तर म्हणाल्या, 'अगं, ते विकूनच तर तुझ्या पॉलिसीचा यंदाचा हप्ता भरला. आता लॉकरमध्ये ठेवू काय?'"

वेटर येऊन उभा राहिला.

"एक मसाला डोसा," नीलेश म्हणाला, "मॅडमना."

"नको रे," श्वेता म्हणाली. "काकू रागावल्यासुद्धा नाहीत. जाताना म्हणाल्या, 'तुला तेव्हा ते बक्षीस मिळालं ना गं?'"

*

तिसरी कंपनी पवईची. काचेची इमारत, खाली तलाव. भिंतींवर मोठमोठ्या अक्षरांत विश्वास, करुणा, सचोटी वगैरे. मला क्लेम विभागात घेतलं. म्हणजे विनिपेगच्या त्या बाईचंच काम! मी बाबांना फोटो पाठवला. बाबांनी उत्तर दिलं, "तलाव छान आहे."

दुसऱ्याच आठवड्यात घाटकोपरच्या एका बाईंचा क्लेम आला. नवरा अचानक गेलेला, दोन मुली. नवऱ्याला मधुमेह होता आणि तो त्याने एजंटला सांगितला होता. एजंट म्हणाला होता, "त्याची काही गरज नाही, सही करा." आता कंपनी म्हणत होती, मधुमेह लपवला, क्लेम नामंजूर.

मी आमच्या हेडच्या केबिनमध्ये शिरले ती दार न वाजवताच. तासभर भांडले. विमा म्हणजे काय, वचन म्हणजे काय, एजंटची चूक त्या बाईने का भोगायची. बोलता बोलता रडलेसुद्धा. हेडनी सगळं शांतपणे ऐकलं. चष्मा काढून पुसला. म्हणाले, "मुक्ता, या कंपनीला तुझ्यासारख्या माणसांची गरज आहे."

मला वाटलं, जिंकले!

"तुझ्या बोलण्यात ओलावा आहे. आपली नकाराची पत्रं फार रुक्ष जातात. यापुढे मराठीतली तू लिहीत जा."

आणि पहिलं पत्र त्याच बाईंना. क्लेम माझ्या हातात नव्हता, शब्द होते. मी दोन दिवस खपून ते पत्र लिहिलं. त्यांच्या नवऱ्याचा मानाने उल्लेख केला, दाद कुठे मागता येईल ते स्पष्ट लिहिलं, मुलींची नावं घालून धीर दिला. हेडनी ते सगळ्या विभागाला वाचायला पाठवलं.

आठवड्याने त्या बाईंचा फोन आला. "ताई, तुमचं पत्र मिळालं. इतक्या मायेनं कोणी लिहिलं नव्हतं हो. मुलींना वाचून दाखवलं, तिघी रडलो. तेवढं एक विचारायचं राहिलं, पैसे कधी येतील?"

वर्षअखेरीला मला करुणेचं पारितोषिक मिळालं. काचेचं. मी ते मामीकडे दिलं, ती त्याने पापड दाबते.

*

मधल्या काळात नीलेशच्या घरी लग्नाचं बघत होते. एकदा मुलीकडचे आले. नीलेश इस्त्रीचा शर्ट घालून बसला. पोहे आले. मुलीच्या वडिलांनी विचारलं, "काय करता आपण?"

"इन्शुरन्समध्ये आहे."

वडिलांनी हातातली बशी खाली ठेवली, बायकोकडे बघितलं, मुलीकडे बघितलं आणि म्हणाले, "आमच्या सगळ्यांच्या पॉलिस्या झाल्यात हो!"

नीलेशने अजून चमचासुद्धा उचलला नव्हता.

हा किस्सा सांगताना तो इतका हसला, की शेजारच्या टेबलावरचे लोक वळून बघायला लागले. मग एकदम म्हणाला, "मुक्ता, अशी एक जागा सांग ना, जिथे काम करून संध्याकाळी पुढच्या जिन्याने घरी जाता येईल. पगार कमी असला तरी चालेल."

*

आणि ती जागा सापडली! चौथी कंपनी. मुलुंडलाच, एका साध्या इमारतीत दोन मजले. भिंतींवर काही लिहिलेलं नाही. आमच्या मॅडम पन्नाशीच्या, डबा घरून आणणाऱ्या, गिऱ्हाइकाला "ही पॉलिसी तुमच्या कामाची नाही" असं सांगणाऱ्या एजंटला चहा पाजणाऱ्या. मी हे स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं.

माझं काम फोन ऐकायचं. पॉलिसी देण्याआधी कंपनीची एक मुलगी गिऱ्हाइकाला फोन करते. पॉलिसी नीट समजली का, दरवर्षी पैसे भरायचे आहेत हे माहीत आहे का, असं एकेक विचारते; सगळ्याला 'हो' आलं की पॉलिसी मंजूर. सगळं रेकॉर्ड होतं आणि त्यातले काही फोन मी ऐकते. फसवणूक झाली असेल तर ती इथे पकडायची. मग पॉलिसी द्यायचीच नाही.

कितीतरी शनिवार माझ्याकडे सांगायला किस्साच नव्हता. दर वेळी मी हरायचे आणि बिल भरायचे. इतक्या आनंदाने मी आयुष्यात कधी पैसे दिले नाहीत! श्वेता म्हणाली, "हिची तर वाट लागली, हिला कंपनी आवडायला लागली!" गणपतीत मी बाबांना फोन केला. म्हटलं, "सापडली. मी राहतेय." बाबांनी मला ते पुन्हा एकदा म्हणायला लावलं. मग म्हणाले, "शाबास."

नीलेशला मीच म्हटलं, "ये इकडे." तो आला. सेल्समध्ये लागला. पहिल्या दिवशी मॅडमनी त्याला सांगितलं, "धंदा कमी आणलास तर मी बोलेन. खोटा आणलास तर ठेवणार नाही." नीलेश मला जिन्यात गाठून म्हणाला, "झकास बाई आहे यार!"

एक गोष्ट मात्र मला खटकत होती. फोन ऐकताना जाणवायचं, की काही गिऱ्हाइकं प्रश्न पुरा व्हायच्या आत 'हो' म्हणतात. एजंट आधीच पढवून ठेवतात: "कंपनीतून फोन येईल, सगळ्याला हो म्हणा, नाहीतर पॉलिसी अडकेल." हे सगळ्याच कंपन्यांत चालतं. मी मॅडमना म्हटलं, "आपल्याकडे नाही चालू द्यायचं. आपण शेवटी एक प्रश्न वाढवू. सरळच विचारू." मॅडमना पटलं. वरच्या लोकांशी त्या माझ्यासाठी दोन महिने भांडल्या. दिवाळीच्या आधीच्या सोमवारी प्रश्न सुरू झाला.

पहिलं रेकॉर्डिंग ऐकायला मॅडम स्वतः माझ्या टेबलाशी येऊन बसल्या. दुसरा हेडफोन त्यांनी लावला. फोन जोगेश्वरीच्या एका आजोबांना गेला होता. आवाज कापरा, पण उत्साही.

"सर, ही पॉलिसी तुम्हाला नीट समजावून सांगितली आहे का?"

"हो."

"ही बँकेतली एफडी नाही, हे तुम्हाला माहीत आहे का?"

"हो, हो."

"दरवर्षी पैसे भरावे लागतील, हे माहीत आहे का?"

"हो."

मॅडमनी माझ्याकडे बघितलं. मी बोटाने खूण केली, आता येईल.

"सर, शेवटचा प्रश्न. आमच्या प्रत्येक प्रश्नाला फक्त हो म्हणा, असं तुम्हाला कोणी शिकवलं आहे का?"

"हो!"

आजोबांच्या मागून कोणीतरी घाईघाईने, दबक्या आवाजात म्हणालं, "नाही म्हणा आजोबा, नाही! इथे नाही म्हणायचं!"

आवाज नीलेशचा होता.

आजोबा गोंधळले. मग आणखी मोठ्याने, अगदी ठासून म्हणाले, "हो हो हो!"

"धन्यवाद सर," आमची मुलगी म्हणाली. "तुमची सगळी उत्तरं बरोबर आहेत. अभिनंदन!"